डब्याचे अंश

डब्यावरचे आकडे गेले आणि त्यांच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या, तेव्हा बारकीला आधी वाटलं, आपल्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि भट्टीच्या खोलीतली हवा तशीही अंगावर बसल्यासारखी असते. तिने आधारासाठी भिंतीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. भट्टीवाले काका डब्यावर चापट्या मारत होते, निम्म्या रागाने, निम्म्या मायेने. आकडे परत आले. पाचशे बारा. मग पुन्हा रेघा. "मॅडम, हा काही आता राहत नाही," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून वाटावं की आत कुणी माणूस आजारी आहे आणि आपण दोघं दारात उभे आहोत. कारखान्यात ती मॅडम होती. मोजमापाचं सगळं खातं तिच्या हाताखाली. पण काही बिघडलं, की आता कुणीतरी मोठं माणूस येईल आणि निस्तरेल, अशी वाट बघत ती क्षणभर थांबायची, आणि तेवढ्या क्षणापुरती बारकी व्हायची. हे नाव ताईने ठेवलेलं. डबाही ताईनेच केलेला.

कारखान्यात दिव्यांचे काचेचे गोल व्हायचे. फुंकून काढलेला गोल लालभडक असतो. तो उघड्यावर थंड झाला तर वरून धड दिसतो पण आतून ताणलेला राहतो, आणि मग कधीतरी, कुणाच्या तरी छताला टांगलेला असताना, काही कारण नसताना तडकतो. म्हणून गोल भट्टीत ठेवून सावकाश निववायचे. किती सावकाश, कुठे थांबायचं, झरोका कधी उघडायचा, हे सगळं डब्यावरच्या अंशांवर ठरायचं. भट्टीच्या भिंतीत तारांची एक जोडी बसवलेली होती. ती तापली की जराशी वीज निघायची, मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतकी, आणि डबा त्या विजेचे अंश करून दाखवायचा. पण भिंत तापते वेगळी आणि काच तापते वेगळी. ताईने इथे कामाला असताना अख्खा उन्हाळा भट्टीत डोकं घालून काचेचं खरं तापमान मोजलं होतं आणि भिंतीतल्या मिलिव्होल्टवरून काचेचे अंश देणारं एक सूत्र बसवून डब्यात घातलं होतं. त्यावर राळेसारखं काहीतरी काळं ओतून सगळं कायमचं बंद. उघडायचं म्हणजे फोडायचंच. तेव्हापासून भट्टीवरची माणसं डब्याच्या अंशांत बोलत आली. आता बाजारातून नवा डबा आणून लावला, तर तो इमानदारीत भिंतीचं तापमान सांगायला लागला, आणि त्याच्यावर विसंबून निववलेली पहिलीच खेप दार उघडल्यावर चिरा पडलेली निघाली. सगळीच्या सगळी. काकांनी एक गोल हातात घेऊन नखाने टिचकी मारली आणि तो त्यांच्या हातातच दोन झाला. 

"एक फोन करायचा," मालक म्हणाले. "तुमच्या सख्ख्या ताई. सूत्र त्यांचं. दोन मिनिटांचं काम." मालकांना दोघी बहिणींचं बोलणं बंद आहे एवढं माहीत होतं, आणि अशा गोष्टींना ते 'घरगुती' म्हणत माशी वारल्यासारखा हात हलवायचे. मोठी ऑर्डर अडकली होती. भट्टीवरची माणसं बाहेरच्या बाकावर बसून होती, आणि काम नसलेल्या माणसांचं ते बसणं खिडकीतून दिसत होतं. "गरज नाही," बारकी म्हणाली. "बहुपदी आहे ती, तिसऱ्या घाताची. चार ठिकाणच्या किमती मिळाल्या की बहुपदी हातात. डबा थंड असला की थोडा वेळ चालतो. तेवढं पुरे." मालकांनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं. "म्हणजे डब्यालाच विचारणार." "डब्यालाच." "बरं," ते म्हणाले. "तोही बोलायचा बंद व्हायच्या आत विचारून घ्या."

तिने डबा आपल्या खोलीत आणून टेबलावर ठेवला, वीज मोजून देणारं यंत्र त्याला जोडलं आणि दाराला कडी घातली. आठ मिलिव्होल्ट. डबा जरा थांबला आणि आकडा दिला. बारा. वीस. चोवीस. चार उत्तरं देऊन डबा तापला आणि रेघांवर आला. बाजूला संगणक होता, तरी तिने कागद घेतला. शेवटचं असं हाताने कधी सोडवलं होतं ते तिला आठवेना. चार बिंदूंतून तिसऱ्या घाताची एकच बहुपदी जाते, दुसरी जाऊच शकत नाही. या गोष्टीत तिला लहानपणापासून एक प्रकारचा निवारा वाटत आलेला होता. सहगुणक एकेक करून सुटत गेले, पेन्सिलीचा बारीक आवाज, बाहेर कुठेतरी ढकलगाडीचं चाक, आणि शेवटी सूत्र अख्खं तिच्यासमोर. ती खुर्चीत मागे रेलली. डबा निवल्यावर केवळ खातरजमा म्हणून तिने त्याला सोळा विचारले. तिचं सूत्र म्हणत होतं तीनशे त्र्याऐंशी. डबा म्हणाला तीनशे चौऱ्याण्णव.

अकरा अंश म्हणजे काही डोळेझाक करण्यासारखा फरक नव्हे. तिने कागदावरचं सगळं पुन्हा तपासलं. चूक नव्हती. मग घात चार असेल. ताईने सांगितलेलं आपल्या नीट लक्षात नसेल. पाच किमतींवरून चौथ्या घाताची बसवली, तर ती पाचही बिंदूंतून गेली आणि दहावर हुकली. पाचवा घात केला, बावीसवर हुकली. हे पाच दिवस चाललं. डबा दिवसातून जेमतेम दोनदा बोलायचा आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर दमायचा. तो दमला की तिला त्याच्या निवण्याची वाट बघत बसावं लागायचं. हात लावून बघायचा, अजून कोमट, परत ठेवायचा. आणि एवढं करून एक नवी किंमत मिळाली की आधीचे सगळे सहगुणक बदलायचे, एक पाहुणा आला म्हणून घरातल्या सगळ्यांनी अंथरुणं हलवावीत तसे. सूत्र दिलेल्या प्रत्येक बिंदूतून आज्ञाधारकपणे जायचं आणि दोन बिंदूंच्या मधे मनाला येईल तिकडे भटकायचं. सहाव्या घाताच्या सूत्राचा आलेख तिने पडद्यावर काढला तेव्हा तो वरच्या टोकाला चक्क खाली वळला होता. त्याचं म्हणणं खरं मानायचं तर भट्टी जितकी तापवावी तितकी काच गार पडणार. तिने पडदा बंद केला. शिवाय डबा पूर्ण अंशच दाखवायचा, खालचे अपूर्णांक गिळून टाकायचा, म्हणजे प्रत्येक उत्तरात थोडं खोटं मुरलेलंच. तिने स्वतःलाच म्हटलं, की एवढ्याशा खोट्याने अकरा अंश होत नाहीत. काहीतरी दुसरंच आहे, आणि ते समोर असून आपल्याला दिसत नाही. 

तिला ताईचा खेळ आठवत होता, तो आठवू नये असं वाटत असतानाच. शाळेला सुट्टी असली की ताई पलंगावर पालथी पडून मनात एक सूत्र धरायची आणि बारकीने संख्या विचारायच्या. शून्याला किती? पाच. एकाला? चार. दोनाला सात, तीनाला चौदा. बारकी पाटीवर फरक मांडायची: उणे एक, तीन, सात. मग त्या फरकांचे फरक: चार, चार. सारखे आले की सुटलं. दोन क्ष वर्ग, उणे तीन क्ष, अधिक पाच. ताई नुसतं "हं" म्हणायची आणि त्या एका "हं"साठी बारकी सगळी दुपार देऊन टाकायला तयार असायची. एकदा तिने असंच सोडवलं आणि तोऱ्यात म्हणाली, चाराला पंचवीस येणार. ताई म्हणाली, एकोणपन्नास. तू बदललंस. नाही बदललं. बदललंस, आधी दुसरं धरलं होतंस. ताईने पाटी ओढून घेतली आणि दाखवलं: शून्य, एक, दोन आणि तीन या चारही ठिकाणी जे नाहीसं होतं असं एक लांबलचक पद तिने मागे लावून ठेवलं होतं. चारही ठिकाणी त्याचा मागमूस नव्हता, आणि पाचव्या ठिकाणी ते एकदम चोवीसने उभं राहिलं. "किती घाताचं आहे ते तू विचारलंस का?" ताई म्हणाली होती. "ते माहीत नसेल तर कितीही किमती घे, उपयोग नाही." बारकीने पाटी आपटली होती. पाटीचा कोपरा उडाला, आईने दोघींनाही दटावलं, आणि ताई खिडकीशी जाऊन बसली, हसू दाबत. त्या हसण्याचा राग बारकीच्या अंगात अजून कुठेतरी शिल्लक होता. तो आता वर आला.

पण डब्याचा घात तर तिला माहीत होता. ताईने सूत्र पूर्ण केलं त्या दिवशी तिघी जेवत होत्या, ताई, ती आणि आई. ताई थकलेली आणि खूश होती, केसांना भट्टीचा वास येत होता, आणि ती सांगत होती, तिसऱ्या घातात बसलं एकदाचं. एवढं बारकीला स्पष्ट ऐकू येत होतं. आपण मान हलवली होती आणि त्याच वेळी आईचा हात पाण्याच्या भांड्याकडे जायच्या आत तिचं भांडं भरलं होतं, हेही दिसत होतं. आईचा हात हवेतच थांबून परत मांडीवर गेला होता. त्यानंतरचं जेवण मात्र पुसल्यासारखं झालं होतं; ताईचे ओठ हलताना दिसायचे, आवाज यायचा नाही.

आई तेव्हा बारकीकडे राहायची. बारकीने तिच्यासाठी उजेडाची खोली मोकळी केली होती, नवरा बिचारा पुस्तकं घेऊन व्हरांड्यात गेला होता. आईला काय हवं, काय नको, हे बारकीला तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. निदान तिला तसं वाटायचं. आई दुपारी गप्प असली की पाय दुखताहेत. खिडकी बघत असली की चहा. खाकरली की शाल. आणि एका दुपारी ती कारखान्यातून आली तर पलंगावरची चादर घडी करून ठेवलेली, कपाट रिकामं, आणि स्वयंपाकघरात ताई उभी. आई गावाबाहेरच्या वृद्धांच्या वसतिगृहात राहायला गेली आहे, तिची स्वतःची इच्छा होती, मीच तिला सोडून आले, असं ताईने सांगितलं. तुला सांगू नको म्हणाली होती. बारकी तेव्हा ओरडली नव्हती. तिने गॅसवर ठेवलेलं दूध बंद केलं आणि ताईला म्हणाली, तू जा. नंतर शेजारी, नातेवाईक, जो तो विचारायचा, आईला वसतिगृहात ठेवलंत का, आणि ती मूग गिळून बसायची. ती आईला भेटायला जायची, दर आठवड्याला, आणि आई बरी दिसायची, नको तितकी बरी. वर्षभराने आई तिथेच झोपेत गेली. तोवर ताईने कारखाना सोडून शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, आणि बारकीने तिचा फोन उचलणं सोडून दिलं होतं. ताईनेच आईच्या डोक्यात ते भरवलं, हे तिने तेव्हा ठरवून टाकलं, आणि एकदा ठरवल्यावर जे जे आठवायचं ते त्यात चपखल बसत गेलं.

"तुझी ताई काही वाघ नाही," नवरा म्हणाला. तो भांडी विसळत होता. "विचारून टाक." "तिने नाही सांगितलं तर?" "नाही सांगितलं तर आहेस तिथेच आहेस." याचाच तिला राग आला. दुसऱ्या दिवशी काकांनी अंदाजाने, नुसत्या अनुभवावर एक छोटी खेप निववून बघितली. निम्मे गोल तडकले. काका बाकावरच्या माणसांत जाऊन बसले आणि त्यांनी तिच्या खिडकीकडे बघायचं टाळलं. तिने सातवा घात करून बघितला. मग कागद उलटा ठेवला, पर्स घेतली आणि निघाली.

ताईचं दुकान एका अरुंद गल्लीत, चाव्या करणाऱ्याच्या आणि चष्म्यांच्या दुकानाच्या मधे होतं. वाटेत तिने बोलायचं सगळं पाठ केलं होतं. ताई नाही म्हणेल, मग आपण काय म्हणायचं; ताई टोमणा मारेल, मग काय; ताई रडली तर काय, हेसुद्धा. आत मशीनच्या तेलाचा वास, भिंतीला लटकवलेले पट्टे, आणि उजेडाखाली ताई, केस कापून बारीक केलेले, पांढरे झालेले, एका उघड्या मशीनच्या पोटात स्क्रूड्रायव्हर घालून बसलेली. तिने वर बघितलं, मग परत खाली. "बस. तो स्टूल डुगडुगतो, पलीकडचा घे." पाठ केलेल्यातलं एकही वाक्य याला लागू पडत नव्हतं. बारकी बसली.

"डबा गेला?" ताई म्हणाली.

"चाललाय."

"बरीच वर्षं काढली त्याने."

"सूत्र पाहिजे."

"सहगुणक कुठले लक्षात राहायला आता. कागदही नाहीत." ताईने एक स्क्रू काढून बशीत टाकला. "किमती घेऊन काढ की. तुला येतं."

"येतं. काढलं. जमत नाही," बारकी म्हणाली, आणि तिच्या नकळत आवाज चढला. "घन नाहीये तो. चार करून झालं, पाच करून झालं, सातपर्यंत गेले. दर वेळी दुसरीकडेच फाटतं. माणसं बसून आहेत तिथे, मालक रोज खिडकीतून बघतात, आणि तो डबा दोन आकडे सांगितले की झोपतो."

"सातपर्यंत?" ताईचा हात थांबला. ती हसली नाही. "घनच आहे. दोन आहेत."

"काय दोन?"

"दोन सूत्रं. भट्टीत पंखा नाही का, तापली की आपोआप सुरू होतो तो. हवा फिरायला लागली की भिंतीचं आणि काचेचं गणित बदलतं. एकच सूत्र दोन्हीकडे बसेना, म्हणून खाली एक आणि वर एक घातलं. सोळा मिलिव्होल्टवर सांधलंय. तिथे दोघांची किंमत जुळवली आणि चढही जुळवला, त्यामुळे आकडा कुठे उडी मारत नाही. सांधा बाहेरून दिसत नाही."

पंख्याचा आवाज बारकी रोज ऐकत होती. त्या घरघरीवरून भट्टी कुठवर आली हे तिला खोलीत बसल्या बसल्या कळायचं. पण डबा तिने टेबलावर आणला होता, आणि टेबलावर पंखा नव्हता. तिथे फक्त ती होती, डबा होता आणि आठवणीतलं एक वाक्य. आठवडा गेला होता.  "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं. त्याच दिवशी, जेवताना. तिसऱ्या घातात बसलं, पण दोन तुकडे करावे लागले, असं म्हणाले. तू मान हलवलीस."

"मला आठवत नाही."

"कसं आठवेल? वाक्य संपायच्या आत हलवतेस." ताईने हे रागाने म्हटलं नाही, मशीनच्या दात्यात अडकलेला धागा ती चिमट्याने ओढत होती. "आईचंही तेच म्हणणं होतं."

बारकीला उठून जावंसं वाटलं आणि ती उठली नाही. "काय म्हणणं होतं?"

"तुझ्या घरी तिला काही मागावंच लागायचं नाही. तहान लागायच्या आत पाणी, थंडी वाजायच्या आत शाल. मला म्हणाली, अगं, मला काय हवंय ते मलाच कळायच्या आत ती घेऊन उभी असते. वाईट नाही वाटलं तिला. कंटाळा आला." धागा निघाला, ताईने तो उजेडाकडे धरून बघितला. "तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने माझ्याकडे काय मागितलं माहीत आहे? हातोडी."

"हातोडी कशाला?"

"मी विचारलं नाही. नेऊन दिली."

"मला का नाही सांगितलं तिने? इतकं सगळं तुला सांगितलं."

"सांगायला आली असेल," ताई म्हणाली. "एकदा सोडून चारदा आली असेल."

गिऱ्हाईक आलं, हातात मशीनचं पायडल घेऊन एक बाई, आणि ताई तिच्याशी बोलायला लागली. पट्टा ढिला आहे, पायडलला काही झालेलं नाही, असं समजावून सांगायला लागली. बारकी थोडा वेळ उभी राहिली. ताईने बाईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बाई तेच तेच तिसऱ्यांदा सांगत होती तरी. निघताना बारकी म्हणाली, "येते," आणि ताई मान वर न करता म्हणाली, "सोळा. लक्षात ठेव." एवढंच.

ती चालत निघाली. वाहनं अंगावरून जात होती, एका दुकानाच्या काचेत तिला आपलं प्रतिबिंब दिसलं, भराभर चालणारी, ओठ घट्ट मिटलेली बाई. राग कुणाचा आलाय हेच तिला ठरवता येईना. ताईने नाही म्हटलं असतं तर सोपं होतं. टोमणा मारला असता तरी चाललं असतं. इतक्या वर्षांचं काहीतरी अवघड ओझं आणून समोर ठेवावं आणि समोरच्याने ते एका हाताने उचलून बाजूला करावं, असं झालं होतं. आणि आई. आईचा हवेत थांबलेला हात आता तिला दिसायचा थांबेना. तिला वाटत होतं, पाणी दिलं यात माझं काय चुकलं? खरंच काय चुकलं? ती स्वतःशी पुटपुटली तेव्हा शेजारून जाणाऱ्या माणसाने वळून बघितलं. पाणीच तर दिलं. आणि हातोडीने आईने काय ठोकलं असेल, हे आता कुणाला विचारायचं? वसतिगृहातल्या त्या खोलीत ती किती वेळा बसली होती. भिंतीवर काही टांगलेलं होतं का? तिला आठवेना. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत असायची, काय हवं नको ते ओळखायला.

खोलीत येऊन तिने आठवड्याभराच्या सगळ्या किमती एका कागदावर उतरवल्या आणि सोळापाशी रेघ मारली. खालच्या वेगळ्या, वरच्या वेगळ्या. नवीन एकही माप घ्यावं लागलं नाही. जे हवं होतं ते सगळं तिच्याजवळ पडलेलंच होतं. खालच्या किमतींतून एक घन निघाला, वरच्यांतून दुसरा, आणि सोळावर दोघांचा चढ काढून बघितला तर तो जवळजवळ तंतोतंत जुळला. अर्धा तास. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने दोन्ही सूत्रं नव्या डब्यात घालायला दिली, दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली, पंख्याची घरघर सुरू झाली, आणि नवा डबा जुन्या डब्याच्या भाषेत बोलू लागला. त्याच्या पुढच्या सकाळी दार उघडलं तेव्हा गोल ओळीने अखंड उभे होते, अंड्यांसारखे. काकांनी एकेकाला टिचकी मारली आणि प्रत्येकाने वेगळा, स्वच्छ सूर दिला. "हं," काका म्हणाले, "आता कसं." बाकावरची माणसं आत आली. मालक म्हणाले, "बघा, पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर," आणि ती म्हणाली, "हो."

दुपारी कडी घालून तिने जुना डबा पुन्हा टेबलावर घेतला. काही गरज नव्हती. दोन दिवस विसावल्याने तो आज नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकला. नऊ मिलिव्होल्ट दिले. डब्याने जो आकडा दाखवला तोच तिच्या सूत्राचा. तेरा. तोच. साडेसतरा. तोच. तिने पंधरा आणि सोळाच्या मधलं विचारलं, सोळा आणि सतराच्या मधलं विचारलं, सांध्याच्या अगदी कडेला जाऊन टोचून बघितलं. कुठे एका अंशाचा फरक नव्हता. तिचे दात आवळले गेले होते, आणि आपण जुळावं म्हणून मोजत नाही आहोत, कुठेतरी जुळू नये म्हणून मोजतो आहोत, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती थांबली. एक तरी जागा निघायला हवी होती. एक तरी आकडा, ज्याच्याबद्दल कुणाला तरी विचारावं लागेल. तिने शेवटचे एकोणीस दिले. डब्याने आकडा दाखवला, तंतोतंत तिचाच, आणि त्यावर रेघा आल्या. ती तास-दीड तास थांबली, डबा पार गार झाला, तरी रेघा गेल्या नाहीत. मग रेघाही गेल्या.

तिने फोन उचलला आणि नंबर लावला. तो तिला पाठ होता.

"बोल," ताई म्हणाली. मागे मशीन चालू होतं.

"एकोणीसवर फरक येतोय."

"किती?"

किती, हे तिने ठरवलंच नव्हतं. "दोन," ती म्हणाली. "दोन अंश."

मशीन थांबलं. ताई काहीतरी मनातल्या मनात करत असावी. "येणार नाही," ती म्हणाली.

"येतोय ना पण."

"तुझं मोजताना चुकलं असणार. तारा घट्ट केल्या होत्यास? तुला घाई असते. नीट परत मोज आणि संध्याकाळी फोन कर, मी दुकानातच आहे."

बारकीच्या कानशिलांपर्यंत राग चढला. मोजण्यात तिची आजवर कधी चूक झाली नव्हती, या खेपेलाही झालेली नव्हती, आणि तसं सांगायची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती.

"मोजते," ती म्हणाली.